मालकिणीचा हात

पयलेच सांगून देतो, मी काही शिकेल-सवरेल बाई नाही. सातवी पास, तेही मास्तर शेजारी राहत होते म्हणून. अन् माह्या तोंडाले लगाम नाही, हे सगळ्या सोयऱ्यांले माहीत आहे. माह्या आवाजानं बसलेली ढोरं उठतात. तर विमलताईनं पुस्तक वाचलं, अन् तेही सहाशे पानाचं, असं कोणी सांगतलं तं गाव हासन. हासू द्या. ते पुस्तक वाचलं तवापासून मले काही हासू येत नाही.

पुस्तकं घरात आली ती आमच्या मालकामुळं. वामनराव गावचं वाचनालय सांभाळत. वाचनालयाचं छत बसलं, त्याले कुलूप लागलं, अन् या माणसानं दोन पेट्या पुस्तकं बंडीत टाकून घरी आणली. मी म्हटलं, "लोकं बंडीत कापूस आणतात, तुमी रद्दी आणली." ते कधीच बोलत नव्हते, माह्यासमोर त्यांले बोलाले जागा कुठं होती? ते गेले त्याले सहा वर्षं झाली. पेट्या ओसरीत पडून राह्यल्या. पावसाळ्यात काड्या ओल्या असल्या की मी एखाद्या पुस्तकाची चार-दोन पानं फाडून चूल पेटवत होती. मागचीच पानं फाडायची. म्हटलं, शेवटपर्यंत वाचते कोण!

त्या पेट्यांले गिऱ्हाईक भेटलं ते बादल राठोड. नाल्यापलीकडं तांडा आहे, तिथला. तीसेक वर्षांचा, बारावी झालेला, पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात फवारणी करणारा. बायको बबिता त्याच्या संगं राहे. ती विहिरीवरून पाणी आणे अन् ड्रमात औषध ढवळे. पयल्या वर्षी आमची पाच एकर कपाशीची पऱ्हाटी फवारून झाल्यावर त्यानं मजुरी घेतली अन् तिथंच डोस्कं खाजवत उभा राह्यला.

"काकी, मजुरीवर एक पुस्तक द्यान का? वाचून आणून देतो."

"घेऊन जाय. फाडू नको म्हणजे झालं," मी म्हटलं. फाडणारी मी, अन् सांगत होती त्याले!

तवापासून तो रिवाजच पडला. जाड जाड कादंबऱ्या ने, जुन्या, परमुलखातल्या, कोणीतरी मराठीत आणलेल्या. वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून भाकर खाता खाता वाचे. बबिता म्हणे, "काकी, याले पुस्तक देत नका जाऊ. घरात असून घरात राहत नाही हा."

मी एकदा विचारलंच, "काय असते रे एवढं त्याच्यात?"

"मले वाटे काकी, नुसती गोष्ट असन," तो म्हणाला. "पण हे पुस्तकं गोष्ट सांगता सांगता सवाल करतात. कोणी पाहत नसलं तरी माणसानं चांगलं काहून वागावं? चूक झाली अन् कोणाले समजली नाही, तं ती चूक राहते का जाते?"

"सवाल कराले तलाठी आहे. तू फवारा मार."

तो हासला. बबिताही हासली. चांगली पोट्टी होती ती, हासताना पदर दातात धरे.

आता जे सांगतो ते नीट ऐका. आमच्या घरी रिवाज आहे, मालकिणीचा हात लागल्याशिवाय वावरातलं काम सुरू होत नाही. पेरणीची पयली मूठ माही. पयल्या वेचणीच्या दिवशी सीतादही होते, पऱ्हाटीले दहीभात ठेवतात, तोही माह्याच हातानं. सासूनं मले ते देल्लं. सासूच्या जमान्यात फवारणी नव्हती, पण मी माहा हात फवारणीलेही लावला. ड्रमात औषधाचं पयलं झाकण मी टाकत होती. माह्या मानासाठी बादल अन् बबिता थांबून राहत.

मागच्या भादव्यात बोंडअळी लागली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. बादलनं दुकानातून एक औषध आणलं होतं. त्याच दिवशी मी दुसऱ्या दुकानात गेली, तं त्या माणसानं मले वेगळीच बाटली देल्ली. "ताई, हे संगं टाका, अळीचा बाप मरन." आमच्या इकडं सगळेच असं दोन-दोन, तीन-तीन औषधं मिसळतात. मीही बाटली पिशवीत टाकली.

फवारणीच्या दिवशी मले उशीर झाला. वावरात पोचली तं बादल विहिरीवर मोटर पाहून राह्यला होता अन् बबिता ड्रमापाशी काडीनं ढवळत होती. पाणी पांढरं झालेलं. माह्यासाठी थांबले नाही, याचा मले असा राग आला की काय सांगू. मी पिशवीतून बाटली काढली.

बबिता म्हणाली, "काकी, यांनी टाकलं औषध. सात झाकणं. मी मोजली."

"मले शिकवू नको. माह्या हाताशिवाय कधी झालं काय? ढवळ."

अन् मी झाकणानं मोजलं नाही. रागारागात अख्खी बाटली उलटी केली. ती ढवळू लागली. मालकीण म्हणते तं ढवळायचं, नवऱ्याजवळही काढायचं नाही, अशी होती ती. काडी आखूड होती, तिचा हात कोपरापर्यंत भिजला. बादल मोटरीवरून यायच्या आधी मी रिकामी बाटली नाल्यात फेकली अन् घरी येऊन वरण टाकलं.

दुपारी बोंब आली. बादल पऱ्हाटीत पडला होता, तोंडाले फेस. बबितानं त्याले ओढत धुऱ्यावर आणलं अन् तिथंच तीही कोसळली. दोघांले जीपमधी टाकून यवतमाळले नेलं. बबिता चौथ्या दिवशी गेली. बादल वाचला, पण डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा समजते. घरी चार वर्षांची पोरगी, वैष्णवी.

चौकशीले साहेब आले, तवा मी काही बोलायच्या आधी बादलनंच सांगून टाकलं होतं, "साहेब, मात्रा माह्या हातानं जास्त झाली." कागदावर तेच लिहिल्या गेलं. मी माह्या पोराले, कपिलले, पुण्याले फोन लावला. हिंमत करून त्याले सगळं सांगतलं. तो म्हणाला, "आई, त्यानं सोताच कबूल केलं ना? मंग तू कायले मधात पडते? गप राय." अन् जिंदगीत पयल्यांदा मी गप राह्यली. ज्या दिवशी बोलायले पाहिजे होतं, त्याच दिवशी!

दिवाळीच्या आधी बादल माह्या दारात आला. पोरीच्या खांद्यावर हात, काखेत पुस्तक. कव्हर फाटलेलं, नावगाव नसलेलं.

"काकी, हे तुमचं. आता मले कामाचं नाही."

"बस. पाणी पे."

तो बसला. पोरगी अंगणात कोंबडीच्या मागं गेली. तिचा आवाज लांब गेल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी हेच पुस्तक डोक्यात होतं काकी. औषध मोजता मोजता याच्यातल्या चौकीदाराचा विचार करून राह्यलो होतो. झाकणं किती झाली ते ध्यानातच नाही. सात झाली का सतरा. माह्या वाचण्यानं बबिताले मारलं."

मी पाण्याचा गिलास त्याच्या हातात देल्ला.

"अन् एक सांगाचं राह्यलं. दवाखान्यात आमच्या खाटा लागून होत्या; ती मधून मधून शुद्धीवर ये. जीभ वळत नव्हती. नुसती काकी, काकी करे. चारही दिवस. तुमच्यावर लय जीव होता तिचा. पोरीकडं पाहा, असंच म्हणत असन."

मी उठून आत गेली अन् पदर तोंडात कोंबला. ती काय म्हणत होती ते मले माहीत होतं.

बाहेर आल्यावर खरं सांगायची हिंमत होईना, अन् गप बसवेना. मंग तोंडातून निघालं, "कुठपर्यंत वाचलं होतं? पुढचं मी वाचून दाखवतो."

त्यानं माह्या आवाजाकडं तोंड फिरवलं. मंग म्हणाला, "गिरणीवाला चौकीदाराले घरी आणते, तिथपर्यंत."

तवापासून रोज दुपारी तो पोरीचा खांदा धरून येऊन बसे अन् मी अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. मागची पानं मी राती एकटीनं वाचून काढली. बापा, कसलं ते पुस्तक! थंड्या मुलखातली गोष्ट. नदीवर बांध, बांधाले लोखंडी दार, दाराशी चौकीदार, अन् खाली पाणचक्की चालवणारा गिरणीवाला. एका पुराच्या दिवशी गिरणीवाला आपल्या चक्कीच्या पाटात पाणी जास्त वळावं म्हणून दार बंद करते अन् उघडायचं विसरते. बांध फुटते. खालची वस्ती वाहून जाते, तिच्यात चौकीदाराची बायको. चौकीदार उलीशी, घोटभर दारू पिऊन झोपला होता, म्हणून त्याले वाटते, आपल्यामुळंच झालं. अन् गिरणीवाला त्याले आपल्या घरी आणते, वीस वर्षं भाकर देते, अन् तोंडातून एक अक्षर काढत नाही.

मले वाटलं, हे पुस्तक लिहिणाऱ्यानं माह्या धुऱ्यावर बसून लिहिलं काय!

आठ-दहा पानं झाली की बादल थांबवे. "काकी, थांबा. भाकर देणारा गिरणीवाला चांगला माणूस आहे का खराब?"

"मले काय इचारतं? मी काय शाळा शिकवतो?"

"सांगा तं खरं."

"भाकर तं चांगलीच," मी म्हटलं. "ज्यानं खाल्ली त्याचं पोट भरलंच ना."

"पण चौकीदार त्याच्या पाया पडते ना रोज. त्याच्या पाया पडण्याचं काय?"

साठ वर्षं मी लोकांले जवाब देत आली, अन् हा आंधळा झालेला माणूस माह्या ओसरीत बसून असे सवाल टाके की त्या दिवशी मले जेवण जाईना. मी स्वैपाक करता करता विचार कराले लागली. राग आला की माणूस जे करते, ते रागानं केलं का त्यानं केलं? कोणी पाह्यलं नाही, म्हणजे पाहणारी मेली, तं ते झालं का नाही? वामनराव पेट्या घेऊन आले तवा त्यांच्या डोक्यात हेच असन काय? अन् मी त्यांले रद्दी म्हटलं. मले त्यांची लय याद आली, अन् लाजही वाटली.

शेवट जवळ आला तवा मी एक दिवस एकटीनंच पुढं वाचलं. म्हातारा झालेला गिरणीवाला चौकीदारापाशी जाते अन् सगळं कबूल करते. तिथंच पान संपलं. पुढची पानं नव्हती. फाडलेल्या कडा पाह्यल्या अन् मले समजलं, कोणत्यातरी पावसाळ्यात मीच ती चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी बादल येऊन बसला. ते कबुलीचं पान माह्या समोर होतं अन् मले ते वाचवेना. ते वाचलं असतं तं माह्या आवाजानंच मले धरून देल्लं असतं. मी पान सोडलं अन् मनानंच बोलली, पुस्तकासारखं: "मग चौकीदाराने आपली शिक्षा आपल्याच हातांनी घेतली, आणि त्याचे मन शांत झाले. झालं. संपलं पुस्तक."

"असं?" बादल म्हणाला. "कोणती शिक्षा घेतली?"

"ते नाही लिहिलं."

तो मान हालवत राह्यला. "बरोबर आहे. दुसऱ्यानं देल्ली तं ती मार असते. आपण घेतली तं शिक्षा." मंग तो उठला, अन् मले वाटलं, चला, सुटली मी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरची नंदाबाई शेंगा वेचाले आली अन् बोलता बोलता म्हणाली, "आज नसाब बसून राह्यली आमच्याकडं." तांड्याची पंचायत बसते तिले ते लोक नसाब म्हणतात. "बबिताचा बाप आला, शंकरसिंग, तिकडं आर्णी गावाकडचा. तो दिवाळीपासून नात मागून राह्यला, अन् बादल देत नव्हता. आता बादल सोताच म्हणते, घेऊन जा. ज्या हातानं मायले मारलं त्या हातानं पोरगी वाढवणार नाही म्हणते. एकदा नसाबीत शब्द देल्ला की मंग पोरीचं तोंडही पाहाले भेटत नाही. येडा, बह्याड झाला तो, काकी. शिक्षा घेतो, मन शांत होते, असंच काहीबाही बोलते."

ते वाक्य कोणाचं होतं ते मले माहीत होतं. कोणत्याच पुस्तकात नव्हतं ते.

मी पेटीवरचं पुस्तक उचललं अन् चप्पल न घालता निघाली. नाल्यात पाणी नव्हतं, गोटे होते. तांड्यावर तिथला मुखिया, नायक पूनमसिंग, त्याच्या ओट्यासमोर माणसं बसली होती. बाजूले जीप उभी. जीपमधी एक गाठोडं, अन् गाठोड्याले टेकून वैष्णवी बसली होती, नवा फ्रॉक घालून. तिले सांगतलं असन, फिराले जायचं म्हणून. नसाबीत बाया जात नाहीत, परक्या जातीची तं नाहीच नाही. मी मधात जाऊन उभी राह्यली.

"बाई, हे काय?" नायक म्हणाला. "आमचं काम चालू आहे."

"माहंही हेच काम आहे."

पण तोंड उघडलं तं शब्द निघेना. मी, विमलताई, अन् शब्द निघेना! म्हणून मी पुस्तक उघडलं अन् ते सोडलेलं पान वाचाले लागली. "दार मी बंद केले होते. तू जागा असतास तरी गाव वाहून गेले असते. वीस वर्षे मी तुला भाकर दिली आणि तुझे निर्दोषपण स्वतःजवळ ठेवून घेतले."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. कोणीतरी म्हणालं, "म्हातारी चळली."

बादलनं मान वर केली. "काकी, हे तं तुमी वाचलं नव्हतं."

"नाही वाचलं. तुले जे सांगतलं ते मी बनवलं होतं. शिक्षा अन् शांती, सगळं माह्या मनचं." मंग मी पुस्तक बंद केलं. "बादल, ड्रमात दुसरी बाटली मी टाकली. अख्खी. न मोजता. माह्यासाठी थांबले नाही म्हणून मले राग आला होता. बबिता म्हणाली, यांनी टाकलं, सात झाकणं, मी मोजली. मी तिले म्हटलं, मले शिकवू नको, ढवळ."

मी सांगत राह्यली, बाटली कुठं फेकली तेही सांगतलं. "नायक, पोलिसात चाला, साहेबापाशी चाला, कुठंही चाला. पण पोरीले जीपमधून उतरवा. तिच्या बापानं काही केलं नाही."

शंकरसिंग उठला. उंच माणूस, पागोटं बांधलेला. मले वाटलं आता हा मारते, अन् मारावंच असं मले वाटत होतं. तो माह्याजवळून निघून जीपपाशी गेला. त्यानं गाठोडं खाली ठेवलं अन् नातीले कडेवर घेऊन बादलच्या पुढ्यात बसवलं. मंग तिथंच मातीत बसला अन् पागोट्याच्या टोकानं तोंड झाकून घेतलं.

बादलनं चाचपडत पोरीचं डोस्कं धरलं. "मंग चौकीदार काय म्हणाला, काकी?"

"पुढची पानं नाहीत. मीच फाडून चुलीत घातली."

पोरगी त्याच्या शर्टाच्या बटनाशी खेळत होती.

"सात झाकणं म्हणाली ती? नक्की?"

"नक्की. मी मोजली म्हणाली."

"सातच होती," तो म्हणाला, अन् त्याच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मले वाटलं आता तो मले शिव्या देईन, नाहीतं माफ करीन. गिरणीवाल्याले भेटलं असन त्यातलं काहीतरी. मले दोन्ही भेटलं नाही. तो माह्याशी बोलतच नव्हता.

"चार दिवस ती मले तेच सांगून राह्यली होती," तो म्हणाला. "काकी, काकी. अन् मी तिचा हात धरून म्हणत होतो, हो, हो, सांगतो मी काकीले."